तिने वाडगा का ओढून घेतला

त्याने पाकिटातून घडी घातलेलं बिल काढलं आणि माझ्या टेबलावर पसरलं. तीन आठवडे जुनं. अक्षरं फिकट व्हायला लागली होती, पण आकडा वाचता येत होता: 4,870 रुपये.

“एवढे पैसे मोजून आम्ही भांडण विकत आणलं, मॅडम,” तो म्हणाला. ती खिडकीबाहेर बघत होती.

फोनवर वेळ घेताना तिने विचारलं होतं, “आम्ही दोघंच कुठे गेलो की बोलायला काही सुचत नाही, आणि सुचलं की त्यातून भांडण होतं. आमच्यात आता काही उरलंच नाही का?” समुपदेशक म्हणून लहान मुलं असलेल्या जोडप्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. दोघांना विचारलंय, आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत.

दोघं पुण्याची. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची. तो पक्का शाकाहारी, ती सगळं खाणारी. जपानी भाषेची एन-टूपर्यंतची, म्हणजे वरून दुसऱ्या पातळीपर्यंतची परीक्षा तिने दिलीय. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे पुण्यात जपानीच्या दुभाष्यांना काम मिळतं. लग्नाआधी तिच्या कंपनीने तिला तीन महिने नागोयालाही पाठवलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर दोघं पहिल्यांदा एकटी भेटली ती सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे सगळे ज्याला ओकायामा गार्डन म्हणतात तिथे. तळ्यातल्या माशांसमोर बसून तिने त्याला नागोयातल्या एका छोट्या दुकानाची गोष्ट सांगितली होती. काळपट मिसोच्या रश्शात शिजलेले उदोन नावाचे जाडजाड नूडल्स, मातीच्या भांड्यात, टेबलावर आल्यावरही रटरटणारे. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली. आता घरून भाषांतरं करते, बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिका.

लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जायचं, यावर तो म्हणाला, “तू ठरव. तुला हवं तिथे जाऊ.” त्याला वाटलं, आपण तिला मोकळीक दिली. तिच्या यादीत मात्र आणखी एक काम वाढलं. डब्यात काय द्यायचं, शाळेच्या व्हॅनवाल्याला काय सांगायचं, आईंच्या डोळ्यांची तपासणी कधी, सगळ्याला घरात उत्तर एकच: तू ठरव. जपानी हॉटेलांत ‘ओमाकासे’ म्हणून प्रकार असतो. काय वाढायचं ते आचाऱ्यावर सोडून द्यायचं. पण तिथला आचारी त्या कामाचे पैसे घेतो आणि रात्री दुकान बंद करून घरी जातो.

तरी या वेळी तिने हौसेने ठरवलं. एक जपानी रेस्टॉरंट निवडलं, शाकाहारी पदार्थ मिळतील का ते फोनवर विचारून घेतलं. मिळतील म्हणाले. मुलीला आजीपाशी ठेवलं आणि साडेआठचं टेबल घेतलं.

पुढचं मी दोघांच्या तोंडून ऐकलं नाही, वाचलं. ‘काय झालं?’ असं मी जोडप्यांना विचारत नाही. विचारलं की समोर दोन वकील उभे राहतात. त्याऐवजी एकेक कागद देते, त्यावर तीन रकाने: काय घडलं, मी काय बोललो, काय बोलायचं राहिलं. दोन वेगळ्या खोल्या आणि वीस मिनिटं.

पहिले रकाने शेजारी ठेवले तेव्हा मला हसू आवरेना. त्याने लिहिलं होतं, “काकडीची सुशी, भात गार आणि घट्ट.” तिने लिहिलं होतं, “भात फ्रिजमधला.” सुशीचा भात व्हिनेगर, साखर, मीठ लावून अंगाच्या उबेइतपत कोमटच खायचा असतो. फ्रिजमध्ये गेला की दाणा ताठरतो. शिळ्या भाताला फोडणी देणाऱ्या घरांत हे वेगळं सांगायला नको. त्याने लिहिलं, “तेम्पुरा सादळलेला.” तिने लिहिलं, “तेम्पुरा मऊ.” तेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या. अन्न आलं सव्वानऊला, हेही दोघांच्या कागदावर.

म्हणजे जेवण वाईट होतं याबद्दल नवराबायकोचं शंभर टक्के एकमत. फक्त टेबलावर ते कुणी उच्चारलं नव्हतं.

तो काय बोलला होता? “साडेपाचशेची भजी!” तिसऱ्या रकान्यात त्याने त्याच्यापुढे लिहिलं होतं, “ती हसेल असं वाटलं.” ती हसली नाही. तिला ऐकू आलं ते असं, की तू निवडलेल्या जागी माझे पैसे फुकट गेले. तिच्या तिसऱ्या रकान्यात होतं, “मलाही आवडलं नाही. पण कुठल्या तोंडाने म्हणू? मीच ठरवलेलं.”

‘तू ठरव’ मधली खरी गोम ही. जमलं तर मजा दोघांची आणि फसलं तर चूक एकीची. मग तिला त्या गार भाताची बाजू घ्यावी लागते, जणू तिनेच तो शिजवलाय. आणि तो भाताला नावं ठेवतोय हे तिला पटत नाही, आपल्यालाच ठेवतोय असं वाटतं.

त्याच्या कागदावर एक वाक्य मात्र दोनदा गिरवलेलं होतं. “हिने माझ्या पुढ्यातला सुपाचा वाडगा ओढून घेतला. दोन चमचे प्यायलो होतो. विचारलंसुद्धा नाही. मुलीचं उरलेलं संपवते तसं.” तिच्या तिसऱ्या रकान्यात तळाशी एकच शब्द होता: “सूप.”

मी तिला म्हटलं, एवढं एक तुम्ही वाचून दाखवा, आणि पुढे काय आहे तेही सांगा. ती बराच वेळ गप्प होती. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “त्यात मासा होता.”

मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा, त्यामुळे मिसो सूप शाकाहारी असणार असा आपल्याकडे समज असतो. पण ते सूप बहुतेक वेळा ‘दाशी’ नावाच्या पाण्यात करतात, आणि नेहमीची दाशी निघते ती कात्सुओबुशीतून. कात्सुओबुशी म्हणजे ट्यूनाच्या भावकीतला एक मासा, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला. रंध्यावर काढावेत तसे त्याचे पातळ छिलके काढतात, गरम पाण्यात भिजवतात आणि गाळून घेतात. वाडग्यात माशाचा तुकडा औषधालाही सापडत नाही. तिने वेटरला हळूच विचारलं होतं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, “नाही मॅडम, मासा नाहीये, नुसतं सूप आहे.” त्याच्या परीने तो खरंच बोलत होता.

“वासावरूनच कळलं मला,” ती म्हणाली. “तुला सांगितलं असतं तर तिथेच कसंतरी झालं असतं तुला. म्हटलं, वातावरण बिघडायला नको. म्हणून घेतलं ओढून आणि संपवलं.”

तो बिलाचा कोपरा दुमडत होता, उलगडत होता. “किती चमचे गेले होते?”

“दोनच. मी मोजत होते.”

माझं मत विचाराल तर तिने तिथेच सांगायला हवं होतं. आपल्या पोटात काय जातंय हे माणसाला त्याच क्षणी कळायला हवं, मग संध्याकाळचं काय व्हायचं ते होवो. हे मी तिला स्पष्ट सांगितलं, आणि तिने ते मान्य केलं. पण ‘वातावरण बिघडायला नको’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्याचीच आता धास्ती वाटते. त्याखाली तो भात गिळतो, ती सूप गिळते, आणि घरी येऊन दोघं उपाशीच.

आता तिचा मूळ प्रश्न: आमच्यात काही उरलंच नाही का? ज्यांच्यात खरोखर काही उरलेलं नसतं त्यांचेही कागद मी पाहिलेत. त्यांचा तिसरा रकाना कोरा असतो. बोलायचं राहिलेलं काही नसतंच. या दोघांना तिसऱ्या रकान्यासाठी मागची बाजू वापरावी लागली होती.

टेबलावर शब्द सुचत नाहीत, याला मी फारसं महत्त्व देत नाही. आठ वर्षं तुम्ही एकमेकांशी ओट्यापाशी, जिन्यात, गाडी काढताना, एकाने पाठ केलेली असताना बोलताय. एकदम समोरासमोर दीड तास बसवलं की नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं होणारच. कोपऱ्यातलं टेबल मागा आणि काटकोनात बसा. हसण्यावारी नेऊ नका, फरक पडतो.

गल्ल्यावरचा प्रसंग राहिला. बिलात 422 रुपये सेवा शुल्क लावलं होतं. ते काढा म्हणून त्याने हुज्जत घातली आणि मागे रांग लागली. ती न बोलता खाली जाऊन गाडीपाशी उभी राहिली. नियमाने तो बरोबर होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे. पण मी त्याला विचारलं, आत आलात तेव्हाच विचारलं असतंत तर? तो हसला. “मॅडम, राग सुशीचा होता, काढला शुल्कावर.”

शेवट असा झाल्यामुळे तीन आठवड्यांनीही ती संध्याकाळ दोघांना गल्ल्यापासूनच आठवत होती. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग मी त्यांना सांगितला. माणसांना एकदा साठ सेकंद 14 अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद आणि वर आणखी तीस, पण त्या तिसात पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशाने वाढवलं. पुन्हा कुठला प्रकार चालेल विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला. त्रास जास्त वेळ, पण शेवट जरा बरा. जेवण फसलं तर तडक घरी जाऊ नका एवढंच माझं त्यावरून सांगणं असतं. आजी झोपल्या असतील, मुलगी झोपली असेल, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. कुठेतरी थांबून मस्तानी घ्या आणि त्या सुशीची यथेच्छ निंदा करा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते. बाहेर काही बोललो तर घरी गेल्यावर काय होईल, या भीतीने कुणी गप्प बसत असेल, तर हे रकाने आणि मस्तानी त्याच्यासाठी नाहीत. तिथे आधी सुरक्षिततेचं बघायचं. बाईला 181 या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

या दोघांना मी दोन कामं दिली. ‘तू ठरव’ बंद. एकाने दोन जागा सुचवायच्या, दुसऱ्याने त्यातली एक निवडायची, म्हणजे फसलं तरी भागीदारी. आणि पहिल्या घासानंतर दोघांनी चिठ्ठीवर दहापैकी मार्क लिहून एकदमच उलटायचे. तो म्हणाला, हे शाळेसारखं झालं. मी म्हटलं, असू दे.

महिन्याभराने दोघं आली. बाहेर कुठे गेलीच नव्हती. तिने कोम्बू नावाचं समुद्रशेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम मागवून घरीच दाशी केली होती, बिनमाशाची, आणि त्यात उदोन. मातीचं भांडं नव्हतं म्हणून कुकरच्या डब्यात. त्याने चिठ्ठ्या जपून आणल्या होत्या, त्याच पाकिटात. त्याचे मार्क चार. खाली बारीक अक्षरात, “मीठ जास्त.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने दुसरी चिठ्ठी उलटली. तीन.