होबार्टहून स्ट्रॉनला जाणं खरंच वसूल होतं का?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या टीचभर गावासाठी बेटाच्या राजधानीहून, होबार्टहून, एवढी वाट तुडवावी का, आणि पाऊस लागला तर दिवस फुकट जाईल का. मी दोन रात्री राहिलो आणि त्यातला दीड दिवस पावसातच गेला. तरी सांगतो, जा. मात्र सकाळी निघून रात्री परत असा बेत असेल तर सोडून द्या.

(आधी नावाचं. स्पेलिंग वाचून मी फोनवर ऐटीत ‘स्ट्राहान’ म्हणालो, तर पलीकडच्या बाईंना हसू आवरेना. उच्चार ‘स्ट्रॉन’.)

अंतर साधारण ३०० किलोमीटर, पण रस्ता वळणावळणाचा, त्यामुळे साडेचार-पाच तास धराच. होबार्टकडून या पश्चिम भागात रस्ता आला तोच मुळी १९३२ साली. स्ट्रॉनच्या ४० किलोमीटर अलीकडे क्वीन्सटाउन लागतं. तिथले डोंगर बघून धक्का बसतो, कारण ते बोडके आहेत. तांब्याच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडली, गंधकाच्या धुराने उरलेली मेली आणि पावसाने माती धुऊन नेली. एवढ्या हिरव्या मुलखात हे एकच टक्कल.

पावसाचं म्हणाल तर तो असणारच. हा किनारा ४२ अंश दक्षिणेला येतो. इथून सरळ पश्चिमेला निघालात तर पुढची जमीन थेट अर्जेंटिनाची. मध्ये वाऱ्याला अडवायला काहीच नाही, त्यामुळे तो सगळा ओलावा टास्मानियाच्या डोंगरांवर येऊन आपटतो. म्हणूनच तर हे वर्षावन आहे. त्यातल्या त्यात जानेवारी-फेब्रुवारी कोरडे, पण रेनकोट तेव्हाही न्या. छत्री गाडीतच ठेवा, माझी धक्क्यावर पाच मिनिटांत उलटी झाली.

गॉर्डन नदीची बोट मात्र अजिबात चुकवू नका. बोट आधी मॅक्वारी हार्बर या खाडीच्या तोंडाशी जाते. त्या चिंचोळ्या वाटेचं नाव ‘हेल्स गेट्स’, नरकाचं दार. आत सारा बेटावर १८२२ ते १८३३ कैद्यांची वसाहत होती. पळून जाणं अवघड होतं, कारण पुढे जंगल होतं. १८२२ मध्येच अलेक्झांडर पिअर्स सात जणांबरोबर पळाला. त्या रानात खायला काही मिळेना तेव्हा त्यांनी एकमेकांनाच मारून खाल्लं. बेटावर उभं राहून समोरची ती हिरवी भिंत बघितली की ही गोष्ट नुसती दंतकथा वाटत नाही.

नदीत शिरल्यावर बोटीचा वेग कमी करतात, लाटांनी काठ ढासळू नयेत म्हणून. पाणी बिनदुधाच्या चहासारखं तांबूस-काळं. गवताळ दलदलीतून झिरपताना त्यात टॅनिन उतरतं, घाण नाही ती. पाऊस थांबला तेव्हा झाडांचं प्रतिबिंब इतकं लख्ख होतं की फोटो उलटा धरलाय की सुलटा, ते नंतर मलाच कळेना.

मग लाकडी पायवाटेवर उतरवतात आणि ह्यूऑन पाइन दाखवतात. खरं सांगू? पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही, शेवाळलेलं, वाकडंतिकडं झाड. पण खोडाची जाडी वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते आणि काही झाडं २,००० वर्षांहून जुनी. लाकडातल्या तेलामुळे ते सहसा कुजत नाही, म्हणून जहाजं बांधणाऱ्यांनी त्याचा फडशा पाडला. आता जुनी पडलेली, पाण्यात बुडालेली खोडंच वापरतात. धक्क्यावरच्या करवत गिरणीत मला त्याचा एक मूठभर भुसा मिळाला. तो बॅगेच्या कप्प्यात राहिला आणि आजही चेन उघडली की वास येतो.

गावात कोणाशी गप्पा झाल्या तर धरणाचा विषय जपून काढा. १९८२-८३ मध्ये नदीवरचं धरण रोखायला आंदोलकांच्या बोटी याच गावातून सुटल्या, हजाराहून जास्त लोकांना अटक झाली, आणि १ जुलै १९८३ ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात (तिथलं हेच सर्वोच्च न्यायालय) ४ विरुद्ध ३ मतांनी धरण थांबलं. पर्यटन आलं ते त्यानंतर, पण धरणाच्या कामावर आशा लावून बसलेलीही माणसं होतीच.

वाफेची रेल्वे मी केली नाही, त्यामुळे गप्प बसतो. त्याऐवजी संध्याकाळी ओशन बीचवर गेलो. उन्हाळ्यात अंधार पडता पडता मटनबर्ड पक्षी समुद्रावरून बिळांकडे परततात. परतताना गाडी अगदी हळू चालवा. त्याच वेळी वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारूच म्हणा, रस्त्यावर येतात, आणि दिवे दिसले की पळायचं सोडून मधोमध उभ्या राहतात.