गाडी बघण्याआधी घरची वीज बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

पहिलीच गाडी आणि तीही इलेक्ट्रिक घ्यायची म्हणतोस, वाचून फार बरं वाटलं. कुठली घेऊ, असं विचारलंस. ते नंतर ठरव. शोरूममध्ये जाण्याआधी एक चांगला वायरमन घरी बोलाव, कारण या गाडीचा पंप तुझ्याच पडवीत असणार आहे.

वीजबिल काढ आणि त्यावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, वाच. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो, तीही रात्रभर सलग. बिलावर एक-दोनच किलोवॅट असतील, तर आधी महावितरणकडे भार वाढवून घे. मीटरपासून पडवीपर्यंत जाड वायरची स्वतंत्र लाइन ओढ, तिला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून झटका बसू नये म्हणून लाइन तोडणारा स्विच) बसव. विहिरीच्या पंपाच्या जुन्या लाइनवर गाडी लावायची नाही म्हणजे नाही. सॉकेट वितळतात.

आणि अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज खड्ड्यातल्या ओल्या मातीत सोडणारी तार. यावर मी जरा जास्तच बोलतो, कारण कोकणात घोडं इथेच अडतं. आपली जमीन जांभ्याची. पावसात ओली असते तोवर सगळं ठीक, पण एप्रिल-मे आला की कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडतं. तसं झालं की चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. ती तुझ्या जिवाची काळजी आहे, तिला बगल देणारा जुगाड कोणी सुचवला तर ऐकू नकोस. आमच्या शेजारी ऐन मे महिन्यात असंच झालं. घरचे सगळे गाडीला नावं ठेवत होते. वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी उचलली, तर आतली माती पार भुगा झालेली. दोन बादल्या पाणी ओतलं, मुरू दिलं, मग दिवा हिरवा झाला. म्हणून खड्डा माडाच्या आळ्याशेजारी किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ खोल घे. बारा महिने ओल राहील.

आता रेंज, म्हणजे एकदा बॅटरी भरली की गाडी किती किलोमीटर जाते ते. बॅटरीचा किलोवॅट-अवर म्हणजेच आपल्या बिलातला युनिट. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धर. २०२० साली टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी आली, तिची बॅटरी ३०.२ युनिटची आणि कागदावर रेंज ३१२ किलोमीटर. आपल्या रस्त्यांवर दोनशेच्या आसपास धरून चाल, म्हणजे वाटेत जीव टांगणीला लागणार नाही. घाटाचा हिशोब वेगळा. दीड टनाची गाडी सहाशे मीटर वर न्यायची, तर नुसत्या चढाचे अडीच युनिट, तोटा धरून तीन. कुंभार्ली घाट चढताना बॅटरीचा आकडा भराभर उतरला तरी घाबरू नकोस, उतरताना गाडीची मोटरच वीज बनवते आणि त्यातलं बरंचसं परत मिळतं. मात्र वरूनच बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागलास, तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

मुंबईला जाताना फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांपुढे थांबू नकोस. पुढचे वीस फार सावकाश भरतात. आणि ठरवलेला चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठला, हे निघण्याआधीच ठरलेलं असू दे.

वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी बॅटरी भरून ठेव. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे विसरू नकोस.

पुराचं मात्र खरोखर मनावर घे. बॅटरीला आयपी ६७ दर्जा आहे, असं विक्रेता सांगेल. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही चाचणीतल्या स्वच्छ पाण्यात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी तासन्‌तास बाजारपेठेत उभं होतं, चिखलासकट. पाणी वाढतंय म्हटल्यावर गाडी आधी उंचावर ने. बुडालीच, तर चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. चारही चाकं उचलून, सपाट ट्रकवर घालूनच न्यायची. विम्यात पाणी शिरून बॅटरी गेल्यास भरपाई मिळते का, ते नीट बघ. बऱ्याचदा त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. पॉलिसीचे कागद हातात आले की सही करण्याआधी मला पाठव, मी वाचून कळवतो.

तुझा,
काका