महारेराची एजंट परीक्षा: त्या दिवशी नेमकं काय होतं (सेलूच्या ताईंना उत्तर)

ताई, महारेरा म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या एजंट परीक्षेबद्दल तुमचे चार प्रश्न आहेत. छत्रपती संभाजीनगरचं सेंटर आलंय, तर सेलूहून त्याच दिवशी सकाळी निघून जमेल का? आधारवर सासरचं आणि पॅनवर माहेरचं नाव आहे, ते चालेल का? आत काय विचारतात? आणि पास झालं की लगेच दाजींच्या ऑफिसमधून प्लॉट दाखवायला लागता येईल का? मी जालन्यात एजंटचं काम करतो, ही परीक्षा दिलेली आहे आणि आमच्याकडच्या बऱ्याच जणांना तयारी करून पाठवलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचं, कारण खरी भानगड तिथेच आहे. परीक्षा महारेराची असली तरी घेते आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारी तीच संस्था, आणि दारावरचे नियमही त्याच थाटाचे. हॉलतिकिटावर जे नाव छापलंय तेच ओळखपत्रावर पाहिजे. म्हणून आज आधी हॉलतिकीट काढून बघा. त्यावर सासरचं नाव असेल तर आधार न्या, माहेरचं असेल तर पॅन न्या. दोन्हीशी जुळत नसेल, एका कागदावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नवऱ्याचं असा घोळ असेल, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र मूळ प्रतीत सोबत ठेवा. दारावरच्या माणसाला तुमची कहाणी ऐकायला वेळ नसतो, त्याला कागद लागतो. रेशनकार्ड चालत नाही, शिकाऊ लायसन्सही चालत नाही. ओळखपत्र मूळ पाहिजे आणि त्याची झेरॉक्स वेगळी पाहिजे. मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही, कारण मोबाइल मुळात आतच जात नाही. हॉलतिकिटावर फोटो चिकटवायचा असतो, तो फॉर्म भरताना टाकला होता तोच चिकटवा. झेरॉक्स घरूनच काढून न्या. सेंटरबाहेर दुकान असेल आणि ते उघडं असेल हा भरवसा धरू नका, सेंटर म्हणून मिळणारी शहराबाहेरची कॉलेजं बऱ्याचदा माळावर असतात, तिथे चहाची टपरीसुद्धा मिळत नाही.

आता प्रवास. हॉलतिकिटावर रिपोर्टिंगची वेळ बघा, पेपरची नाही. रिपोर्टिंग सकाळचं असेल तर माझं स्पष्ट मत: आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचा, सिडकोत नाहीतर गारखेड्यात कोणी ना कोणी पाहुणे निघतातच. सेलू, परतूर, जालना हा आपला रेल्वेचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. क्रॉसिंगला गाडी बाजूला घेतली की किती वेळ उभी राहील ते स्टेशनमास्तरही सांगत नाही. दुपारचा पेपर असेल तर सकाळची गाडी किंवा एसटी चालेल, पण लगेच मागे दुसरी गाडी असेल अशीच पकडा.

शहरात पोचलं म्हणजे सेंटरला पोचलं असं मात्र नाही. चिकलठाणा जालना रोडला, शहराच्या पूर्वेला. वाळूज नगर रोडला, पश्चिमेला. मध्ये सगळं शहर ओलांडावं लागतं. जालन्याकडून एसटीने आलात आणि सेंटर चिकलठाण्याकडे असेल तर मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्थ नाही, सिडको स्टँडलाच उतरा. बीड बायपासला असेल तरीही सिडकोकडून रिक्षा करणं सोपं पडतं. आणि कॉलेजच्या नुसत्या नावावर रिक्षा करू नका. एकाच संस्थेची इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि शाळा अशी तीन ठिकाणं असतात, रिक्षावाला त्याला माहीत असलेल्या ठिकाणी सोडतो. हॉलतिकिटावरचा पूर्ण पत्ता, रस्ता आणि पिनकोडसकट, त्याला वाचून दाखवा. दाजी सोबत येणार असतील तर उत्तम. त्यांना आत सोडणार नाहीत, पण तुमचा मोबाइल, पर्स आणि डबा सांभाळायला माणूस लागतोच. गेटवर सामान ठेवायची सोय असली तरी त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

गेटच्या आत गेल्यावर रांग, मग तपासणी. घड्याळ, कॅल्क्युलेटर, कागदाचे कपटे, सगळं बाहेर. जास्तीचे दागिने घालून जाऊ नका. काढायला सांगितले तर ठेवणार कुठे? तुमचा फोटो काढतात, काही ठिकाणी अंगठाही घेतात. लग्नसराई चालू आहे म्हणून सांगतो, बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका, मशीनवर ठसा उमटत नाही आणि मागे रांग खोळंबते. पारदर्शक बाटलीत पाणी आणि साधा बॉलपेन एवढं जवळ ठेवा. मग लॅब, बसायचा नंबर, आणि लॉगिनसाठी हॉलतिकिटावरचा रोल नंबर आणि पासवर्ड. रफ कागद तिथेच देतात आणि जाताना परत घेतात.

कॉम्प्युटरचं टेन्शन घेऊ नका. ऑफिसात बिलं करता, त्याच्या निम्मंसुद्धा येत नसेल तरी जमतं. सगळं माऊसने करायचं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला प्रश्नांच्या नंबरांची चौकट. उत्तर निवडून जतन केलं की नंबर हिरवा होतो, उघडून सोडून दिलेला लाल, आणि नंतर बघू म्हणून खूण केलेला जांभळा. एक लक्षात ठेवा: पर्याय नुसता टिचकी मारून निवडला आणि नंबरांच्या चौकटीतून थेट दुसऱ्या नंबरवर उडी मारली, तर उत्तर जतन होत नाही. दर वेळी ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचंच. वेळ कोपऱ्यात उलटी मोजली जाते आणि संपली की पेपर आपोआप जमा होतो. प्रश्न किती, वेळ किती हे हॉलतिकिटासोबतच्या माहितीपत्रकात असतं, ते आदल्या रात्री वाचून ठेवा. मध्येच माऊस अडला किंवा स्क्रीन गोठली तर शेजारणीला विचारू नका, हात वर करा. मशीन बदलून देतात आणि दिलेली उत्तरं तशीच राहतात.

आता आत काय विचारतात. माझं एकच सांगणं आहे, बाकी विसरलात तरी चालेल: पेपर कायद्याचा आहे, आपल्या बाजाराचा नाही. दहा-पंधरा वर्षं प्लॉटिंगमध्ये मुरलेली माणसं इथे अडखळतात, कारण ती ‘आपल्याकडे काय चालतं’ ते आठवून उत्तर देतात. 2016 चा रेरा कायदा काय म्हणतो ते आठवायचं.

इसाराचंच घ्या. परभणी-जालना पट्ट्यात चांगल्या प्लॉटला पाव रक्कम आधी घेणं हे नेहमीचं, त्यावर नोटरी केली की दोन्ही बाजू खूश. कायद्याचं 13 वं कलम सांगतं की नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पर्यायांत आपल्या सवयीचा आकडा दिसला की हात तिकडे जातो. तसंच क्षेत्रफळाचं. आपण आयुष्यभर सुपर बिल्टअप बोललो, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटासुद्धा धरून. परीक्षेत कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ विचारणार, आणि तेही बारीक: घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, खासगी बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. ‘रेरा फ्लॅटला लागू, प्लॉटला नाही’ असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. चूक. प्लॉट पाडून विकणं हाही प्रकल्पच आहे. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका 8 पेक्षा जास्त नसतील तरच नोंदणीतून सूट मिळते. 500 चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांनासुद्धा जरासं कमी. सेलूच्या शिवारात एकरावर पडणारा लेआउट त्यात बसतो की नाही, तुम्हीच बघा.

दंडाचे आकडे एकमेकांत मिसळतात. बिल्डरने प्रकल्पाची नोंदणी केली नाही तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत. एजंटने स्वतःची नोंदणी न करता व्यवहार केला तर दिवसाला 10 हजार रुपये, आणि ते वाढत वाढत त्या प्लॉट किंवा फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. प्रश्नात ‘प्रवर्तक’ (म्हणजे बिल्डर) लिहिलंय की ‘एजंट’ हे आधी बघा, मग पर्याय वाचा.

बाकी पटकन: ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात, ते फक्त जमीन आणि बांधकामासाठी. बांधकामातला दोष ताब्यापासून 5 वर्षं बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा. महारेराच्या आदेशावर अपील 60 दिवसांत, अपिली न्यायाधिकरणाकडे. उशिराच्या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जव्याजाचा मूळ दर) आणखी 2 टक्के. हे एका कागदावर लिहा आणि प्रवासात वाचा, कलमांचे नंबर घोकत बसू नका. आणि कुणाच्या जुन्या नोट्सची झेरॉक्स घेतली असेल तर सांभाळून. जाहिरातीवर क्यूआर कोड ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा झाला, प्रकल्पाच्या बँक खात्यांचे नियम 2024 मध्ये बदलले, जुन्या नोट्समध्ये यातलं काहीच नसेल. (क्यूआर कोड आणि नोंदणी क्रमांक नसलेली पत्रकं आपली माणसं अजून व्हॉट्सअ‍ॅपवर बिनधास्त फिरवतात, तो वेगळाच विषय.)

20 तासांचं प्रशिक्षण तुम्ही मन लावून केलं असेल तर पेपर जड नाही. 20 मे 2023 च्या पहिल्या परीक्षेत 423 पैकी 405 जण पास झाले होते, आणि त्यात वयस्कर मंडळीही होती. जे घाबरतात ते पेपरला नाही, कॉम्प्युटरला घाबरतात.

पेपर संपला की स्क्रीनवर पास-नापास दिसेल म्हणून थांबू नका. निकाल नंतर लागतो. हॉलतिकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स तिथे जमा करून घेतात का ते विचारून मगच बाहेर पडा. बाहेर उत्तरं जुळवणारा घोळका हमखास असतो, त्यात उभं राहण्यापेक्षा परतीची गाडी पकडा.

शेवटचा प्रश्न, लगेच काम सुरू करता येईल का? नाही. परीक्षेतून मिळतं ते सक्षमतेचं प्रमाणपत्र. त्याच्या आधारे महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी करायची, मग ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. वैयक्तिक नोंदणीची फी 10 हजार, फर्म किंवा कंपनीची 1 लाख, मुदत 5 वर्षं. दाजींची नोंदणी फर्मच्या नावावर असेल आणि तुम्ही त्याच फर्मकडून ग्राहकांशी बोलणार असाल, तर तुम्हाला हे प्रमाणपत्र तसंही लागणारच आहे, पण वेगळी 10 हजारांची नोंदणी करायची गरज आहे का ते आधी तुमच्या सीएंशी बोलून ठरवा. दाजींची नोंदणी त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल तर त्यांच्या क्रमांकावर तुम्ही ग्राहक फिरवू नका. जुन्या घराचा किंवा जुन्या प्लॉटचा फेरविक्रीचा व्यवहार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे या नोंदणीची अट आड येत नाही. नव्या लेआउटमध्ये मात्र तुमचा क्रमांक येईपर्यंत पावतीवर सही दाजींचीच राहू द्या.

हॉलतिकिटावर कोणतं नाव आलंय ते बघून इथेच खाली लिहा, म्हणजे कोणता कागद न्यायचा ते सांगतो.