फाईल समोर दिसतेय तरी पाय म्हणतो 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. महापेच्या कंपनीत नवीन लागलात, मशीनच्या टचस्क्रीनसाठी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कंप्युटरवर क्यूटी ६.८ (स्क्रीनवरचे प्रोग्राम बनवायचं सी प्लस प्लसचं टूलकिट) हवंय, आधी पायवरच सोर्समधून बिल्ड लावला तो रात्री कधीतरी 'किल्ड' येऊन थांबला, मग ऑफिसच्या उबुंटूवर आर्म ६४ चा क्रॉस कंपायलर (एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या चिपसाठी प्रोग्राम काढणारा) टाकून बिल्ड काढला, पायवर नेला, एलएस केलं की फाईल दिसतेय, परमिशन पण आहे, आणि रन केली की 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. युनेम कमांडला विचारलं तर तो एआर्क६४, म्हणजे ६४ बिट, सांगतोय. मग चुकतंय कुठे?

माझी जवळपास खात्री आहे की तुमच्या कार्डावर ३२ बिटची ओएस आहे. युनेम फक्त कर्नलचं सांगतो हो. ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस पाय ४ वर टाकली तरी २०२३ पासून बाय डिफॉल्ट कर्नल ६४ बिटचाच बूट होतो, पण लायब्ररी, शेल, बाकी सगळा संसार ३२ बिटचा राहतो. तुमच्या प्रोग्रामला चालू व्हायला आधी ६४ बिटचा डायनॅमिक लोडर (प्रोग्रामला त्याच्या लायब्ररी जोडून देणारा) लागतो, त्याचा पत्ता प्रोग्रामच्या फाईलीतच लिहिलेला असतो आणि त्या पत्त्यावर कोणीच नाहीये. म्हणजे 'फाईल नाही' हे लोडरबद्दल आहे, आणि आपण आपलीच फाईल पुन्हा पुन्हा बघत बसतो. पायवर डीपीकेजीला (पॅकेज सांभाळणारी कमांड) 'प्रिंट आर्किटेक्चर' विचारा, आर्मएचएफ आलं तर ३२, आर्म६४ आलं तर ६४, त्यात गोंधळ नाही.

३२ आलं तर माझं स्पष्ट मत, कार्ड नव्याने ६४ बिटने फ्लॅश करा. कुठली जुनी ३२ बिटचीच लायब्ररी व्हेंडरने गळ्यात मारली असेल तरच ३२ चा क्रॉस कंपायलर घ्या, आणि तेव्हाही लक्षात ठेवा की उबुंटूचा आर्मएचएफ कंपायलर एआरएम व्ही७ चा कोड काढतो, तो पहिल्या पाय झिरोवर 'इलिगल इन्स्ट्रक्शन' देणार कारण ती चिप व्ही६ आहे.

पायवरचा बिल्ड का मेला ते सरळ आहे, मेमरी संपली. सी प्लस प्लसच्या मोठ्या फाईलींना कंपायलरची एकेक प्रोसेस भरपूर रॅम खाते, चार जॉब एकदम सोडले की कर्नल त्यातला एक मारतो. आणि वेबइंजिन (क्यूटीचं ब्राउझर मॉड्यूल) स्किप केलं होतंत का? त्याच्या आत अख्खं क्रोमियम आहे, ते पायवर कंपाईल करायच्या नादी लागू नका. तुम्हाला टचस्क्रीनसाठी क्यूटी बेस, शेडर टूल्स आणि डिक्लेरेटिव्ह एवढे तीनच मॉड्यूल लागतात. ६.४ चालणार असतं तर बुकवर्मच्या (डेबियन १२ वरची पाय ओएस) ॲप्टमध्ये ते तयारच मिळतं, सोर्सची गरजच नव्हती, पण बुकवर्मवरच ६.८ हवं असेल तर क्रॉस हाच रस्ता बरोबर आहे.

आता क्रॉसमध्ये लोक कुठे अडकतात ते सांगतो. पहिलं म्हणजे क्यूटी दोनदा बिल्ड करायचंय, एकदा लॅपटॉपसाठी आणि एकदा पायसाठी, आणि व्हर्जन दोन्हीकडे तंतोतंत तेच. कारण बिल्ड चालू असताना मॉक, आरसीसी, क्यूएसबी ही क्यूटीची स्वतःची टूल्स तिथल्या तिथे रन व्हावी लागतात, पायसाठी काढलेलं मॉक इंटेलच्या लॅपटॉपवर कसं चालणार. म्हणून आधी होस्टचं, म्हणजे लॅपटॉपचं, क्यूटी बनवा आणि दुसऱ्या बिल्डला सीमेकच्या (बिल्ड लावून देणारं टूल) 'क्यूटी होस्ट पाथ'मधून त्याची जागा दाखवा. होस्टच्या बिल्डमध्ये शेडर टूल्स विसरू नका, त्याशिवाय पायसाठी क्यूटी क्विक (डिक्लेरेटिव्हमधला स्क्रीन काढणारा भाग) बनत नाही.

दुसरं सिसरूट, म्हणजे पायच्या लायब्ररींची लॅपटॉपवरची प्रत. पायवर आधी डेव्ह पॅकेजेस टाका, लिबडीआरएम, लिबजीबीएम, ईजीएल, जीएलईएस, लिबइनपुट, लिबयूडेव्ह, एक्सकेबीकॉमन, आणि मग लिब, यूएसआर इन्क्लूड आणि यूएसआर लिब हे तीन फोल्डर आरसिंकने लॅपटॉपवर ओढा. त्यातल्या बऱ्याच सिमलिंक रूटपासून सुरू होणाऱ्या असतात, त्या लॅपटॉपवर आल्या की लॅपटॉपच्याच रूटमध्ये बघतात, म्हणून सगळ्या रिलेटिव्ह करून घ्यायच्या, हे न केल्याने लिंकिंगला जे विचित्र एरर येतात त्यात माणसाचा आठवडा जातो. पीकेजी कॉन्फिगलाही सिसरूटचाच रस्ता दाखवा, नाहीतर ते इंटेलच्या लायब्ररी उचलून आणतं.

तिसरं, कंपायलरचं व्हर्जन. बुकवर्ममध्ये जीसीसी १२ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये १३. तेराने काढलेला बिल्ड पायवर गेला की 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ नॉट फाउंड' येऊ शकतं, म्हणजे पायवरची सी प्लस प्लस लायब्ररी जुनी पडते. मी आता भांडत नाही, डेबियन १२ चा डॉकर कंटेनर उघडतो आणि होस्ट, टार्गेट दोन्ही बिल्ड त्यातच करतो, जीसीसी तेच, जीलिबसी २.३६ तेच, प्रश्न संपला.

कॉन्फिगर झालं की लगेच बिल्डला बसू नका, शेवटी जी समरी येते ती शांतपणे वाचा. ईजीएलएफएस यस, त्याच्याखाली जीबीएम यस, ओपनजीएल ईएस २ यस, हे तीन नसतील तर ईजीएलएफएसने (डेस्कटॉपशिवाय थेट स्क्रीनवर काढणारा क्यूटीचा भाग) काही दिसणार नाही. एखादं नो असेल तर पॅकेज टाकून परत आरसिंक करा आणि बिल्डचा फोल्डर पूर्ण उडवून नव्याने कॉन्फिगर करा, सीमेक जुनं उत्तर कॅशमध्ये धरून बसतं.

आणि हे सगळं जमल्यावरची एक गोष्ट, जी तुमच्या मशीनच्या कामात हमखास येणार. तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा डिस्प्ले लावला होता, वागळे इस्टेटच्या ऑफिसात लॅपटॉपवर टेस्ट करताना तापमान बरोबर उणे १८ यायचं. तिथे पाय लावला आणि स्क्रीनवर २३८. सेन्सर बदलला, वायर बदलली, ट्रान्स हार्बरने दोन फेऱ्या झाल्या, रूमचा सुपरवायझर बिचारा हातातला थर्मामीटर दाखवून सांगतोय की साहेब उणे अठराच आहे. सेन्सरकडून येणारा बाईट आम्ही साध्या कॅर (सी चा एका बाईटचा टाइप) मध्ये ठेवला होता. इंटेलवर जीसीसी कॅर साइन्ड (उणे आकडे घेणारा) धरतो, लिनक्सवर एआरएमसाठी अनसाइन्ड, मग २५६ वजा १८ म्हणजे २३८. तिथे इंट८ टी लिहिलं आणि आकडा जागेवर आला. कंपाईल होताना एक वॉर्निंग नव्हती. तुमच्या कोडमध्ये सिरियल किंवा मॉडबसवरून आलेला डेटा जिथे जिथे कॅर मध्ये पडतोय ते आत्ताच शोधून ठेवा, घाई असेल तर 'एफ साइन्ड कॅर' फ्लॅग लावा पण तो तात्पुरता.

डीपीकेजीने काय उत्तर दिलं ते इथे टाका. आर्म६४ असूनही तोच एरर असेल तर तुमच्या प्रोग्रामवर रीडएल्फ कमांड चालवून 'इंटरप्रिटर'ची, म्हणजे लोडरच्या पत्त्याची, ओळ द्या, मग पुढचं बघू.