‘मॅडम, माझं कन्फेशन झालं का?’

वसईत समुपदेशनाला बसते, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत कॅथलिक पुष्कळ. मीही त्यातलीच. राखेचा बुधवार उलटला, म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू झाला, की ईस्टरपर्यंत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते, माणसं बदलतात इतकंच. ‘फादरांना सगळं सांगितलं, त्यांनी क्षमाही दिली, पण क्षमा झाल्यासारखं वाटत नाही. माझं काही सांगायचं राहिलं का?’

हेच विचारायला एक मुलगी आली होती. मुलगी म्हणते, पण वय तिशीच्या आसपास, लग्न झालेलं, पदरात एक लेकरू. तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

ती पहिल्यांदा आली तेव्हा पर्समध्ये दोनशे पानी वही होती. वहीत पापं. तारीख, वार, किती वेळा, कोणासमोर. ‘सासूबाईंना उलट बोलले, २ वेळा (की ३?)’ अशा नोंदी. आठवड्यातून तीन-चारदा ती कन्फेशनला जायची. एकाच फादरांकडे कितीदा जाणार, म्हणून स्कूटीवरून कधी पापडी, कधी सांडोर, कधी गिरीज, कधी पार नंदाखाल. क्षमा मिळाली की चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत बरं वाटायचं. किल्ली लावताना आठवायचं, अरे, ‘दोनदा’ म्हणाले, पण ते तीनदा होतं. मग पुन्हा रांग. एका फादरांनी तिला सरळ सांगितलं होतं, ‘आता इथे येऊ नकोस.’ त्या रात्री ती झोपली नाही.

ज्यांना हा संस्कार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फादरांपुढे पापं सांगून देवाची क्षमा मागायची, याला आपण कन्फेशन म्हणतो, गोव्यात कुमसार म्हणतात, चर्चच्या पुस्तकी मराठीत प्रायश्चित्त संस्कार. योहानाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो, तिथे त्याचं मूळ मानलं जातं. पहिल्या शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांत असायचं आणि लांबलचक असायचं. एकेकट्याने, खाजगीत आणि पुन्हापुन्हा सांगायची रीत पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी युरोपभर नेली. १२१५ साली बिशपांच्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा तरी कन्फेशन करा असा नियम घातला. जाळीची लाकडी खोली तर सोळाव्या शतकातली, मिलानच्या आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केलेली. १९७३च्या नव्या विधीनंतर समोरासमोर बसूनही चालतं. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी फादर बाजूच्या खुर्चीत बसलेले असतात आणि रांगेतली माणसं मुद्दाम चार पावलं मागे उभी राहतात, ऐकू जाऊ नये म्हणून.

माणसाने करायच्या गोष्टी तीन. मनापासून पश्चात्ताप, पाप तोंडाने सांगणं आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त, मग ती एक प्रभूची प्रार्थना आणि तीन ‘नमो मरिया’ असोत की आणखी काही. बाहेरचे लोक कधीकधी विचारतात, ‘म्हणजे पाप करायचं, फादरला सांगायचं, झालं?’ तसं नाही. चोरीचा माल परत करायची तयारी नसेल तर चोराला मिळालेली क्षमा क्षमाच नव्हे.

इथे दुसऱ्या एका माणसाची आठवण सांगायलाच हवी. पन्नाशीचे गृहस्थ, सहा महिने झोप नाही, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तिसऱ्या भेटीत बोलले. वाडीची जमीन विकताना धाकट्या भावाची सही गोडीगुलाबीने घेतली होती आणि पैशांचा खरा आकडा सांगितला नव्हता. त्यांना माझ्या खुर्चीचा काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, ‘आधी फादरांकडे जा, मग भावाकडे जा.’ त्यांची टोचणी खरी होती आणि ती बरोबर जागी टोचत होती. असं मन बधिर करणं हे माझं काम नाही, कोणाचंच नाही.

मुलीचं तसं नव्हतं. तिची टोचणी जागा बदलत राहायची.

खोदत खोदत आम्ही एका दिवसापाशी पोचलो. तिसरीत होती. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेच्या उपासनेत पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची तयारी, पांढरा फ्रॉक शिवून आलेला. आदल्या दिवशी आयुष्यातलं पहिलं कन्फेशन. आजीच्या उशीखालून तिने दहा रुपये घेतले होते, आणि ते सांगायची तिला लाज वाटली. ‘भावाशी भांडले’ एवढंच सांगून आली. काही दिवसांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात बाईंनी शिकवलं, जाणूनबुजून पाप लपवलं तर कन्फेशन फुकट जातं, आणि तशात कम्युनियन घेणं हे आणखी मोठं पाप. नऊ वर्षांच्या पोरीने मनात हिशेब मांडला आणि वीस वर्षं ती बेरीज करत राहिली. पहिलं फुकट, म्हणजे पुढची सगळी फुकट. प्रत्येक मिस्सेला घेतलेला ख्रिस्तप्रसाद म्हणजे अपराध. शेवटी खाली मान घालून तिने विचारलं, ‘मॅडम, मग माझं लग्न तरी लागलं का?’

या प्रश्नाने माझ्या पोटात कालवलं, आणि त्याच भरात मी चूक केली. मी तिला समजवायला बसले.

समजवणं खोटं नव्हतं. प्राणघातक, म्हणजे सर्वांत गंभीर, पाप म्हणायला चर्चच तीन अटी घालतं: गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि मनाची खरी संमती हवी. आजीच्या उशीखालचे दहा रुपये यात कुठे बसतात? १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने गंभीर पापं प्रकारासह आणि संख्येसह सांगा म्हटलं हे खरं, पण नीट आठवूनही जे राहून गेलं ते बाकीच्यांबरोबर क्षमेत आलं, हेही त्याच परिषदेने सांगितलं. आणि लग्न वधूवरांच्या संमतीने लागतं, नवरीचं मन त्या दिवशी किती स्वच्छ होतं यावर नाही. हे सगळं मी तासभर सांगितलं. ती रडली, हसली, माझा हात धरून ‘थँक्यू’ म्हणाली.

दोन दिवसांनी रात्री मेसेज. ‘मॅडम, पूर्ण जाणीव म्हणजे किती? मला थोडी होती.’ मी उत्तर दिलं. मग, ‘थोडी म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर?’ मी पुन्हा उत्तर दिलं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत अकरा मेसेज आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्कूटी आता पापडीला, सांडोरला जात नव्हती, ती माझ्या दारात उभी होती. मी तिच्यासाठी आणखी एक कन्फेशनची खुर्ची झाले होते. ‘तू ठीक आहेस’ हे वाक्य तिच्या आजारावरचं औषध नव्हतं, त्याचा खुराक होता.

हो, आजार. मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्यांनी निदान केलं ते ओसीडीचं, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं. हात पुन्हापुन्हा धुणारे, कुलूप दहादा तपासणारे आपल्याला माहीत असतात. काहींचं कुलूप देवाच्या दारावर असतं, इतकंच. चर्चला हे नवीन नाही. मानसशास्त्राने नाव द्यायच्या कितीतरी आधीपासून कन्फेसरांकडे, म्हणजे कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूंकडे, यासाठी शब्द होता: स्क्रूपल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहानसा टोकदार खडा. चपलेत शिरलेला. मोठ्या धोंड्याला माणूस वळसा घालून जातो, हा खडा मात्र पावलागणिक टोचतो.

तिला मी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोलांची हकिकत सांगितली, कारण शाळेपासून त्यांचं नाव ऐकलेलं होतं, पण ही बाजू कोणी सांगितली नव्हती. १५२२ साली मोन्सेरातच्या मठात त्यांनी सगळ्या आयुष्याचं कन्फेशन लिहून काढून केलं, तीन दिवस लागले. तरी नंतर मान्रेसा गावी राहताना काहीतरी सुटलं या विचाराने ते महिनोन्‌महिने पोळत राहिले. इतके, की राहत्या खोलीतल्या भोकातून खाली उडी टाकून जीव द्यावा असं त्यांना वाटायचं. त्यांच्या कन्फेसरने सांगितलं, जुनं पाप पुन्हा सांगू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पण इग्नातींना सगळंच स्पष्ट वाटत होतं!

हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा मोकळं हसली. ‘अगदी माझ्यासारखंच,’ म्हणाली.

इग्नाती सुटले ते मागचं काहीही पुन्हा कन्फेशनमध्ये सांगायचं नाही असं ठरवून. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पण तिच्या श्रद्धेच्या बाबतीत हा निर्णय देणारी मी कोण? मी तिला देवळात जाऊ नकोस म्हटलं असतं तर ती माझ्याकडे यायची थांबली असती, आणि ते योग्यच झालं असतं. कन्फेशन तिच्यापासून काढून घ्यायचं नव्हतं, ते तिला परत मिळवून द्यायचं होतं.

म्हणून एक फादर हवे होते. एकच. यात एक अडचण असते, ती समुपदेशकांनी लक्षात ठेवावी. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, मलाही नाही, न्यायाधीशालाही नाही. हे गुपित उघड मोडलं तर ते त्याच क्षणी चर्चबाहेर पडतात आणि त्यांना परत घेणं फक्त रोमच्या हातात असतं. तेव्हा फादरांना फोन करून ‘ती काय सांगते हो?’ असं विचारणं हाच अपमान. मार्ग साधा होता. तीच त्यांना कन्फेशनबाहेर, पॅरिश ऑफिसात, दिवसाढवळ्या भेटली आणि आपल्या आजाराबद्दल स्वतः बोलली. दुसऱ्या भेटीला मी सोबत गेले. वयस्कर फादर, शांत. वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, ‘बाय, मोठं पाप वहीत शोधावं लागत नाही. ते आपल्या समोर येऊन उभं राहतं.’

त्यांनी अटी घातल्या. महिन्यातून एक कन्फेशन, फक्त त्यांच्याकडे, पाच मिनिटांत, कागदाशिवाय. जुनं काही नाही. शंका आली तर ते पाप नाही असंच धरायचं आणि कम्युनियन घ्यायचं. ‘आणि मी चुकत असेन तर त्याचा जाब देव मला विचारेल, तुला नाही.’ कन्फेसरांचे आश्रयदाते मानले जाणारे संत आल्फोन्सस लिगोरी यांना स्वतःला हा त्रास होता, आणि अशा माणसांनी एका कन्फेसरचं ऐकावं हाच त्यांचाही आग्रह. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली धर्मगुरूंना बजावलं होतं की कन्फेशनची जागा छळकोठडी होता कामा नये. फादरांना त्यांनी काय करावं हे मला सांगावंच लागलं नाही, याचा मला आजही आनंद आहे.

माझ्या वाट्याचं काम कंटाळवाणं होतं. औषधं चालू होती. ती रोज सकाळी मोठ्याने एक वाक्य वाचायची: ‘कदाचित माझं काही सांगायचं राहिलं असेल, मला ते कधीच नक्की कळणार नाही.’ वाचायचं आणि घाबरत बसायचं, पण मेसेज करायचा नाही, वहीत लिहायचं नाही, रांगेत जायचं नाही. पहिल्या दिवशी ती दीड तास थरथरत बसली. भीती आपोआप उतरते, हे तिला माझ्या तोंडून नव्हे, स्वतःच्या अंगावर कळायला हवं होतं. तिच्या नवऱ्यालाही बोलावलं. तो बिचारा रोज रात्री ‘हो गं, सांगितलंस तू’ असं वीसदा म्हणायचा. त्याला मी फक्त एवढंच म्हणायला शिकवलं, ‘आपलं ठरलंय ना.’ त्याला ते क्रूर वाटायचं. मलाही तिच्या मेसेजना उत्तर न देताना तसंच वाटायचं.

सरळ रेषेत काही झालं नाही. नाताळच्या आठवड्यात ती चोरून दुसऱ्या गावच्या रांगेत उभी राहिली आणि मग तेही वहीत लिहिलं. आम्ही परत पहिल्या पानावर आलो. माझ्याकडे अशी शंका घेऊन येणाऱ्याला मी आता आधी एवढंच विचारते: सांगून झाल्यावर हलकं वाटतं, की थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगावंसं वाटतं? दुसरं असेल तर आणखी कन्फेशन करून ते सुटणार नाही. आपल्या फादरांशी त्याबद्दल कन्फेशनबाहेर बोला, आणि डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

परवा ती आली, उपवासकाळ चालू असतानाच. शनिवारी महिन्याचं कन्फेशन झालं म्हणाली. तीन गोष्टी सांगितल्या, फादरांनी क्षमा दिली, बाहेर आली. स्कूटीला किल्ली लावताना चौथी आठवली.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय मॅडम, बाजारात गेले. बोंबील चांगले होते.’