दत्तक मुलगी लागलं तरी रडत नाही. मेंदूवर कायमचा परिणाम झाला असेल का?

तुमची मुलगी चार वर्षांची, वर्षभरापूर्वी संस्थेतून घरी आलेली. पडली तरी रडत नाही, पाहुणा कुणीही असो, थेट मांडीवर जाऊन बसते आणि उशीखाली पोळीचे तुकडे ठेवते. पहिल्या तीन वर्षांत आबाळ झाल्याने मेंदूची वाढ कायमची खुंटली का, हा तुमचा प्रश्न. मी दत्तक पालकांसोबत समुपदेशनाचं काम करते. ही तिन्ही लक्षणं आमच्याकडे नेहमी येतात.

मार दिसतो, आबाळ दिसत नाही, म्हणून लोक तिला किरकोळ समजतात. पण बाळ रडलं की कुणीतरी येतं, उचलतं, बोलतं, या रोजच्या देवाणघेवाणीवरच मेंदूतली जोडणी पक्की होत जाते. हाकेला ओ मिळालीच नाही तर बाळ हाक मारायचं सोडून देतं. तुमची मुलगी सोशिक म्हणून गप्प नाही. रडून काही होत नाही, हे ती शिकली आहे. सतत असुरक्षित वाटत राहिलं की ताणाची संप्रेरकं वेळी-अवेळी वाढतात किंवा उलट बधिर झाल्यासारखी वागतात, आणि भीती, स्मरण व स्वतःला आवर घालणं सांभाळणाऱ्या भागांवर त्याचा परिणाम होतो.

याचा सगळ्यात नीट अभ्यास रुमानियात झाला. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६मध्ये गर्भपातावर बंदी आणली, त्यामुळे न पोसवणारी मुलं संस्थांत ठेवली जाऊ लागली, आणि १९८९मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती. २०००च्या सुमारास नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये संस्थांतली १३६ बाळं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी करून निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली. दोन वर्षांच्या आत घरात गेलेल्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आठव्या वर्षी कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा दिसल्या नाहीत.

तुमची मुलगी तीन वर्षांची असताना आली, म्हणून हे वाचून पोटात गोळा येईल, ठाऊक आहे. आणखी एक कटू गोष्टही लपवत नाही. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांचे मेंदू विशी-पंचविशीत स्कॅन केले तेव्हा ते अशी आबाळ न झालेल्या दत्तक मुलांपेक्षा सरासरी ८.६ टक्के लहान भरले. संस्थेत जितके जास्त महिने, तितका फरक जास्त. पण ही सरासरी आहे. त्या संस्थांमध्ये हाल भयंकर होते आणि तुमच्या मुलीला नेमकं काय वाट्याला आलं ते कुणी मोजलेलं नाही. शिवाय कुटुंब मिळालेल्या मुलांचं माणसाशी नातं जुळणं उशिरा का होईना, सुधारलं. दोन वर्षं ही काही दार बंद होण्याची तारीख नव्हे, आणि तसं सांगून पालकांना घाबरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता घरात काय कराल? उशीखालची पोळी सापडली तर रागावू नका, तिच्यासमोर फेकूनही देऊ नका. तिच्या हाताला लागेल असा एक डबा ठेवा, त्यात चुरमुरे, खजूर, काहीही, आणि तो तिच्यादेखत रोज भरा. ती पडली की रडण्याची वाट न पाहता जवळ जा, "लागलं ना गं?" म्हणा, गुडघा धुऊन द्या. सुरुवातीला ती अंग आखडून घेईल, तरी करत राहा. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की तिला उचलून घ्यायचं, भरवायचं काम आई-बाबांचं. कौतुक लांबून करा. काही महिने तरी माणसं कमी आणि दिनक्रम ठरलेला असू द्या.

कान, डोळे, हिमोग्लोबिन तपासून घ्या. ऐकू कमी येणं किंवा लोह कमी असणं यामुळेही मूल मागे पडतं, आणि त्यावर इलाज आहे. बालविकासतज्ज्ञ जवळ नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या विभागात, विचारा. आणि तुम्ही दोघं थकून गेलात, चिडचिड तिच्यावर निघायला लागली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.