जानेवारीत कॅम्पर घेऊन स्पितीला चाललोय, पाण्याच्या लाईनीत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं का? गाडीचा कूलंट चालतो का?

भाऊ, प्रश्न नीट वाचला. ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय, शंभर लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, छोटा गीझर, सिंक, बाथरूम सगळं आत, नागपूरहून निघून जानेवारीत काझापर्यंत जायचंय, आणि अमेरिकेतले लोक हिवाळ्याआधी आपल्या आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) पाईपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरताना व्हिडिओत पाहिले म्हणून विचारून राहिले की इथे ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो तो गुलाबी कूलंटच भरला तर काय बिघडलं.

बिघडलं म्हणजे जीवावर बेतेल एवढं बिघडेल. तो कूलंट भरू नका.

मी बुटीबोरीत चिलर प्लांट सांभाळतो, ग्लायकॉल, म्हणजे अँटीफ्रीझमधलं मुख्य केमिकल, हे माझं रोजचंच काम आहे, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. रंग हा फक्त कंपनीने टाकलेला डाय असतो. रेडिएटरचा कूलंट हिरवा येतो, निळा येतो, लाल येतो आणि गुलाबीही येतो. तिकडचं आरव्हीवालं अँटीफ्रीझही गुलाबी. दिसायला सारखे, पण रेडिएटरवाल्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे, चवीला गोडसर लागतं म्हणून तर जास्तच वाईट, मोठ्या माणसाचा जीव जायला साधारण शंभर मिली पुरतं, लहान मुलाला आणि कुत्र्याला त्याहून कितीतरी कमी. पोटात गेलं की आधी दारू प्यायल्यासारखं होतं, मग शरीरात त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड बनतं आणि किडनीत त्याचे बारीक स्फटिक धरतात. आता विचार करा, ज्या नळाचं पाणी तुम्ही नंतर चहाला घेणार त्या नळात हे भरायचं?

पाण्याच्या लाईनीसाठी असतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉल. आपल्याकडे आरव्ही अँटीफ्रीझ म्हणून तयार डबा दुकानात सहज दिसत नाही, पण प्रॉपिलीन ग्लायकॉल केमिकलवाल्यांकडे मिळतं, डेअरी आणि फूडच्या चिलरमध्ये तेच फिरतं. घेताना आयपी किंवा यूएसपी ग्रेडच (औषधात चालणारा दर्जा) मागा, सीलबंद कॅन, त्यावर बॅच नंबर, सोबत त्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट. सुटं मोजून देणाऱ्याकडून घेऊच नका. काहून म्हणाल तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लहान लहान लेकरं कफ सिरप पिऊन किडन्या बंद पडून आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणत होते, त्यातली बरीच वाचली नाहीत, त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं होतं. प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या हलक्या मालात हे असलं मिसळलेलं निघाल्याचे प्रकार जगभर झालेत, आणि डोळ्याने, वासाने काहीच कळत नाही. इंडस्ट्रियल ग्रेड थोडं स्वस्त पडतं पण तिथे पैसे वाचवू नका.

बरं, आता दुसरी गोष्ट, जी व्हिडिओत नीट कळत नाही. तिकडचे लोक हे सगळं गाडी चार महिने घरामागे उभी करून ठेवायची म्हणून करतात. अँटीफ्रीझ भरलेल्या लाईनीतून तुम्ही पाणी वापरू शकत नाही, म्हणजे काझाला गाडीत राहायचंय, नळाखाली भांडी पण घासायचीत आणि अँटीफ्रीझ पण भरायचंय, हे दोन्ही सोबत होत नाही. आणि नागपुरात गाडी उभी ठेवायची असेल तर अँटीफ्रीझची गरजच नाही, आपला पारा २०१८ च्या डिसेंबरात ३.५ पर्यंत उतरला होता तेव्हाही पाईप गोठण्याचा प्रश्न नव्हता. इथला त्रास उलटा आहे, टाकीत पाणी राहिलं की आतून बुळबुळीत होतं आणि उन्हाळ्यात ट्रॅपमधलं (सिंकखालच्या वाकड्या पाईपातलं) पाणी उडून गाडीभर गटाराचा वास सुटतो. त्याला औषध एकच, टाकी रिकामी आणि कोरडी ठेवणे.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा की सिस्टम रामपूरपर्यंत वापरा आणि तिथे रिकामी करा. जानेवारीत मनालीकडून कुंझूम खिंडीतून येणारा रस्ता बंदच असतो, म्हणजे तुम्ही शिमला-किन्नौरवरूनच जाणार. नारकंडा उंचावर आहे, २७०० मीटर, तिथे रात्र काढू नका, दिवसाच ओलांडा आणि खाली सतलजच्या काठी रामपूरला मुक्काम करा, ते हजार मीटरच्या आसपास आहे, पाईप फुटण्याइतकी थंडी तिथे सहसा नसते. तिथून पुढे रिकांग पिओ, नाको, ताबो, काझा सगळीकडे रात्री शून्याच्या खाली, काझाला तर उणे वीसच्याही खाली जातं. स्थानिक लोकही हिवाळ्यात नळाचा नाद सोडून देतात, होमस्टेमध्ये बादलीतलं पाणी आणि कोरडा संडास असतो. तुम्हीही पुढे प्यायला-वापरायला पाण्याच्या कॅन ठेवा, रात्री त्या बेडजवळ, हीटरच्या बाजूला. पूर्ण भरू नका, वर जागा सोडा.

रिकामं करणं हेच खरं काम आहे, अँटीफ्रीझ नंतर येतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं हे शाळेत शिकलोच, पण पाईप बहुतेक वेळा जिथे बर्फ होतो तिथे फुटत नाही. बर्फाचा गोळा लाईनीत धरतो, तो वाढत जातो आणि त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये जे पाणी अडकलेलं असतं त्याचं प्रेशर इतकं चढतं की जो जोड कच्चा तिथून उडतो. म्हणून रिकामं केल्यावर सगळे नळ उघडेच ठेवायचे.

आधी गीझर बंद, पाणी थंड होऊ द्या, मग गरम पाण्याचा नळ उघडून प्रेशर सोडा आणि मगच खालचा ड्रेन प्लग काढा, गरम असताना काढला तर अंगावर येतं. टाकीचा ड्रेन कॉक सोडा. फिल्टर असेल तर कॅन्डल काढून बाहेर, आरओ मेंब्रेन आणि यूव्हीची काच तर नक्कीच काढा, ती एका रात्रीत जाते. मग सगळे नळ उघडून पंप थोडा चालवा, आवाज बदलला, कोरडा खडखडला की लगेच बंद. त्याच्यानंतर हवा मारायची. रामपूरला पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर मिळेल पण त्याची हवा शंभर पीएसआयच्या वर असते, ती थेट लावली तर थंडीच्या आधी तुमचे जोड हवाच फोडेल, रेग्युलेटर लावून ३० ते ४० वर ठेवा, आणि एका वेळी एकच नळ उघडा. आधी पाणी येतं, मग थुंकल्यासारखं फस्स-फस्स, मग नुसता फवारा, मग कोरडी हवा. गरमवाला आणि थंडवाला दोन्ही बाजू. आपल्याकडे एक जास्तीचं असतं जे अमेरिकन व्हिडिओत दिसणारच नाही, संडासाचा जेट. त्याच्या लवचिक पाईपात आणि हँडलमध्ये पाणी अडकून राहतं, ते दाबून झटकून काढा.

एवढं नीट केलं तर चार-पाच दिवसांसाठी बऱ्याच लोकांचं काम भागतं. पण पंपाच्या डोक्यात आणि त्याच्या आधीच्या गाळणीच्या प्लास्टिक वाटीत थोडं पाणी उरतंच, आणि ती वाटी सगळ्यात आधी तडकते. तेवढ्यासाठी ग्लायकॉल घालायचं.

मिक्सचं प्रमाण असं, आकारमानाने ३० टक्के ग्लायकॉल असेल तर उणे १३ च्या आसपास गोठायला लागतं, ४० टक्क्यांना उणे २१, ५० ला उणे ३३. स्पितीसाठी ५० च्या खाली जाऊ नका, उलट लाईनीत उरलेलं पाणी त्याला पातळ करणार हे धरून ५५-६० बनवा. आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, आपलं बोअरचं पाणी नको. तिकडच्या डब्यांवर उणे ५० लिहिलेलं असतं ते फॅरनहाईट असतं, आणि तेही पाईप फुटण्याचा आकडा असतो, गोठण्याचा नाही, त्याच्या कितीतरी आधी त्याचा बर्फाच्या गोळ्यासारखा चुरा झालेला असतो. चुरा झालेला पाईप फोडत नाही, म्हणून ते खोटं नाही, पण आकडा वाचून हुरळून जाऊ नका.

गीझरला बायपास, म्हणजे गीझर वगळून पाणी पुढे जायची वाट, आहे का ते निघायच्या आधी पाहा. नसेल तर बॉल व्हॉल्व्ह आणि पाईपचा एक तुकडा टाकून करून घ्या, नाहीतर गीझरची पूर्ण टाकी भरेपर्यंत ग्लायकॉल ओतत बसाल. बायपास असेल तर तुमच्या साईझला पाच-सहा लिटर मिक्स पुरतं. पंपाची सक्शनची नळी टाकीपासून सोडवून कॅनमध्ये बुडवा, पंप लावा, पंपाजवळचा नळ आधी आणि लांबचा शेवटी, प्रत्येकात थंड बाजू, मग गरम बाजू, जेट, शॉवर, बाहेरचा नळ असेल तर तोही. प्रॉपिलीन ग्लायकॉल स्वतः पाण्यासारखं बिनरंगी असतं, म्हणून नळातून काय येऊन राहिलं ते दिसावं यासाठी थोडा गुलाबी खाण्याचा रंग टाका. शेवटी सिंकच्या आणि बाथरूमच्या ट्रॅपमध्ये कपभर ओता, आणि सांडपाण्याच्या टाकीत थोडं, नाहीतर तिचा व्हॉल्व्ह जाम होतो.

रंग आला म्हणजे झालं असं नाही. आम्ही प्लांटवर रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, हातात मावेल एवढी नळी, काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा की निळ्या-पांढऱ्याची रेघ कोणत्या आकड्यावर ते दिसतं. शेवटच्या नळाचा थेंब तपासा, डब्यातला नाही. आणि त्यात इथिलीन आणि प्रॉपिलीनची स्केल वेगवेगळी असते, प्रॉपिलीनचीच वाचा. मीटर नसेल तर घरीच निघायच्या आधी एक रंगीत तालीम करून शेवटच्या नळाचं मिक्स छोट्या बाटलीत घ्या, मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो. सकाळी चुरा झालेला दिसला तर तुमचं मिक्स पातळ आहे, तिकडे त्याचा भरवसा धरू नका.

कोणी म्हणेल मीठ टाका, स्वस्तात होईल. पितळेचे जोड, गीझरची टाकी, पंपाचे स्क्रू सगळं खाऊन टाकेल. स्पिरिटवाला जुगाडही नको, बंद गाडीत आग लागायचं काम आहे आणि रबरी सील सुकतात.

आणि हो, ज्या कूलंटबद्दल विचारलं तो जिथे लागतो तिथे आधी पाहा. आपल्याकडे मे महिन्यात रेडिएटर कमी दिसला की ड्रायव्हर लोक साधं पाणी ओतून मोकळे होतात, दोन उन्हाळ्यांत त्यात कूलंट नावालाच उरतो. तसं इंजिन घेऊन काझाला रात्रभर उभं केलं तर पाण्याच्या नळाचं सोडा, ब्लॉकच फुटेल. निघायच्या आधी पूर्ण बदलून ५०-५० करून घ्या. काच पुसायच्या बाटलीतलं पाणीही. खालचं डिझेल थंडीत घट्ट होतं, म्हणून तेही वर जाता जाता तिकडचंच भरत जा.

परत खाली आल्यावर ग्लायकॉल नाल्यात किंवा नदीत सोडू नका, विषारी नसलं तरी पाण्यातला ऑक्सिजन खातं. कॅनमध्ये गोळा करून शहरात आल्यावर संडासात टाका. मग टाकी भरा, फेस आणि गोडसर चव जाईपर्यंत पाणी सोडत राहा, नंतर लिटरला एक मिली या हिशोबाने घरगुती ब्लीच, म्हणजे शंभर लिटरला शंभर मिली, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत चालवून रात्रभर ठेवा आणि सकाळी दोनदा धुवा. गीझरचा बायपास ब्लीच घालायच्या आधी बंद करा म्हणजे पाणी परत गीझरमधून जाईल, आणि गीझर पूर्ण भरल्याशिवाय चालू करू नका, कॉइल जळते.

गीझर गॅसचा आहे की इलेक्ट्रिक आणि पाईप सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचे) आहेत की पेक्स (लवचिक प्लास्टिकचे), ते लिहिलं नाही तुम्ही. सीपीव्हीसी असतील तर थंडीत ते कडक होतात आणि रस्त्याच्या धक्क्यांनी जोडावर तडकतात, अशा वेळी पंपापासून पहिल्या जोडापर्यंतचा तुकडा तरी लवचिक होजचा करून घ्या. फोटो टाका, बायपास कुठे बसेल ते पाहून सांगतो.